अक्षर कोणाचं

तो ळ माझ्या घरचा होता. आडव्या ठेवलेल्या चष्म्यासारखा, आणि त्यात उजवी काच डावीपेक्षा मोठी. असा ळ काढणारी एकच बाई मला माहीत आहे आणि ती दर आठवड्याला माझ्या फ्रिजवर चिठ्ठी लावते: केळी, साबण, काळा दोरा. तोच ळ आता साहेबांच्या टेबलावर, एकेचाळीस पुस्तिकांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर पडलेला होता, आणि साहेब गठ्ठा माझ्याकडे सरकवत विचारत होते, "ताई, हे अक्षर कोणाचं?" एरवी मी मॅडम असते. काम असलं की ताई. मी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. चेहरा मी जागेवर ठेवला. अकरा वर्षं दुसऱ्यांचे चेहरे काढून पोट भरतेय, स्वतःचा एवढाही सांभाळता येऊ नये? खाली पॉलिशची पिंपं फिरत होती. त्यांची घरघर तिसऱ्या मजल्यावरही फरशीतून तळपायाला लागते. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायले नाही. का प्यायले नाही ते माझं मलाच लगेच कळलं नाही.

आमचा कारखाना बटणांचा. शर्टाची, कोटाची, उशीच्या अभ्र्यांची, बाहुल्यांच्या डोळ्यांची. तळमजल्यावर रेझिनचे तक्ते ओततात, त्यांच्या चकत्या पाडतात, चकत्यांना ड्रिलने भोकं पाडतात, पिंपात घालून गुळगुळीत करतात, आणि मग सगळा माल निवडणीच्या टेबलांवर येतो. तिथे अडतीस बायका ट्यूबलाइटखाली बसून टवका उडालेलं, भोक सरकलेलं, रंग फसलेलं बटण वेगळं काढतात. मी मुळात खालचीच. माल जायचा त्या खोक्यांवर पत्ते लिहायचे. जाड मार्कर, ठसठशीत अक्षर. हात मोकळा असला की खोक्यांच्या झाकणांवर चित्रं काढायचे: एक चार भोकांचं बटण, त्याला हातपाय. वरची दोन भोकं डोळे, खालची दोन नाकपुड्या. नाव बटणराव. हा बटणराव मुकादमाला तोंडावर बोलायचा. जे कुणाला बोलता यायचं नाही ते तो बोलायचा, आणि त्याच्या तोंडापुढच्या फुग्यातलं वाचून ड्रिलवरची माणसं पोट धरून हसायची. एकदा एक झाकण चुकून गिऱ्हाइकाकडे गेलं. मला वाटलं, आटोपलं आपलं. झालं उलटंच. मोठ्या साहेबांना बटणराव आवडला. मला वर खोली मिळाली, खुर्ची मिळाली, पुढे कॉम्प्युटर मिळाला, आणि दर तीन महिन्यांनी कारखान्याची चित्रकथा काढायचं काम मिळालं. त्या दिवसापासून बटणरावाने मुकादमाला एक वाकडा शब्द बोललेला नाही. त्याने हेल्मेट घातलं, गॉगल घातला, जिना चढताना कठडा धरला. गेल्या वर्षी त्याच्या नाकपुड्याही गेल्या. नाकपुड्या बऱ्या दिसत नाहीत असं वरून आलं, म्हणून मी त्यांच्या खळ्या केल्या. चार भोकांच्या बटणाला खळ्या. काढल्या मी, निमूटपणे काढल्या, आणि संध्याकाळच्या बसने घरी गेले.

हे साहेब वर्षभरापूर्वी आले. मनुष्यबळ विभागाचे. वय असेल पस्तीस, बोलणं मऊ, बूट चकाचक. आल्या आल्या त्यांनी पाच मूल्यं आणली, म्हणून खाली त्यांना मूल्यसाहेब म्हणतात. आदर, विश्वास, सुरक्षितता, मोकळेपणा, आणि आपण सारे एक कुटुंब. पाच मूल्यं, पाच पानं, सगळीकडे बटणराव. कामाची पद्धत अशी की मी चित्रं काढून फुगे रिकामे ठेवते, शब्द साहेबांच्या खोलीतून येतात, आणि मग कॉम्प्युटरवर मी ते चित्राच्या वरच्या वेगळ्या थरात बसवते, म्हणजे शब्द बदलले तरी चित्राला हात लावायला नको. दुरुस्त्या तेरा वेळा आल्या. कुटुंबाच्या पानावर सुपरवायझरबाईंचा हात निवडणीतल्या बाईच्या खांद्यावर होता. तो हात जड वाटतो म्हणाले. हलका केला. मग ती बाई हसत नाही म्हणाले. हसवली. मग म्हणाले, एवढी हसवू नका, काम करते आहे ती. तेराव्या खेपेला डोकं इतकं भणभणलं की शब्दांचा थर बंद करून मी नुसती चित्रं बघत बसले, आणि तो थर तसाच बंद राहून फाइल छापखान्यात गेली. चूक माझी, शंभर टक्के माझी. पण पुढे गठ्ठे आले, मी दोरी कापली, वरची प्रत उघडली, आणि पाचही पानांवर सगळे फुगे पांढरेफटक. तेव्हा थांबवता आलं असतं. शिपाई समोर उभा होता, वाटू का विचारत होता. मी म्हटलं, वाटा. त्याला चूक म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात हे मी चार दिवस स्वतःला विचारत होते आणि उत्तर द्यायचं टाळत होते.

खालच्यांचं काहीच चुकलं नाही. चित्रकथेच्या मागच्या पानावर नेहमी एक स्पर्धा असते: रिकाम्या जागा भरा, सूचनापेटीत टाका, पहिल्या तिघांना टॉवेल. यंदा सगळंच पुस्तक रिकामं आलेलं बघून त्यांना वाटलं, टॉवेल मोठा असणार. नाव लिहायची ओळही त्याच बंद थरावर राहिली होती, म्हणून नावं कुणी घातली नाहीत. एकेचाळीस जणांनी चहाच्या सुट्टीत बसून प्रामाणिकपणे फुगे भरले, घडी घातली आणि पुस्तिका पेटीत टाकल्या. विश्वासाच्या पानावर बटणराव फाटकाशी पहारेकऱ्याला नमस्कार करतोय, तिथे कुणी लिहिलं होतं, "आधी खिसे उलटे करतो, मग विश्वास ठेवा." सुरक्षिततेच्या पानावर, "हा गॉगल आधीच्या पाळीतल्या माणसाचा आहे, अजून ओला आहे." मोकळेपणाच्या पानावर सुपरवायझरबाई म्हणतायत, "बोला, बोला, घाबरू नका," आणि बटणराव म्हणतोय, "या महिन्यात कंत्राट संपतंय बाई, पुढच्या महिन्यात बोलतो." साहेबांनी आधी ही पानं वाचायला दिली तेव्हा मला हसू फुटलं होतं, त्यांच्यासमोरच. बटणरावाचा आवाज होता तो, अकरा वर्षांपूर्वीचा. मी मुका केला होता आणि त्यांनी चहाच्या एका सुट्टीत बोलता केला. आणि सगळ्यात वर ती कुटुंबाच्या पानावर उघडलेली प्रत, तो ळ, "घरी कुणी संडासाला जायला गळ्यात बटण घालत नाही."

हे बटण मी कधी गळ्यात घातलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी निवडणीत वेळ वाया जातो असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मग कोटाच्या बटणासारखंच, पण बशीएवढं, लालभडक बटण मुद्दाम ओतून घेतलं. दोन नग. दोरीत ओवलेले. संडासाला जायचं तर सुपरवायझरबाईंच्या टेबलावरून बटण घ्यायचं, गळ्यात घालायचं, म्हणजे कोण उठलंय ते लांबून दिसतं, आणि आल्यावर परत ठेवायचं. अडतीस बायकांना दोन बटणं. दोन्ही बाहेर असली तर तिसरीने बसून राहायचं. आम्ही वरची माणसं कुणाला न विचारता जातो. मला ते ठाऊक होतं. जिन्यावरून उतरताना काचेतून मला ती लाल चकती फिरताना दिसायची, आणि मी कठडा धरून खाली बघत उतरायचे, बटणरावाला शिकवलं होतं तशी.

तो ळ काढणारी माझी नणंद निवडणीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, ती आमच्याकडे राहायला आली, आणि मीच शब्द टाकून तिला इथे लावली. कामावरून घरी आली की चपला काढायच्या आत ती संडासाकडे पळते. माझा नवरा बहिणीची चेष्टा करायचा, हिला घर दिसलं की लागते. आम्ही तिघंही हसायचो. ती दाराच्या आतून हसायची. यंदा तिला दोनदा ताप चढला, लघवीला जळजळ, कंबर धरलेली. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?" ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी पुष्कळ." डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, जणू घरचं पाणी मी कुलपात ठेवते. परतताना बसमध्ये मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं तरी." ती खिडकीबाहेर बघत होती. घरी मी दुरुस्त्या करायला बसायचे तेव्हा तिने माझी पानं बघितली होती. म्हणाली, "वहिनी, ते कुटुंबाचं पान छान झालंय हं. ती बाई माझ्यासारखीच दिसते. फक्त गळ्यातलं बटण दाखवायचं राहिलंय." टोमणा मारायचा स्वभाव नाही तिचा. मी काहीतरी विसरले असं तिला खरोखर वाटलं होतं, आणि जाऊन सुधारता येईल असंही. दुसऱ्या दिवशी तेरावी दुरुस्ती आली.

"कारवाई वगैरे काही नाही हो," साहेब म्हणत होते. "आपल्याला फक्त संवाद साधायचाय. रजेचे अर्ज, फॉर्म, सगळे तुमच्याकडून तपासून नेतात. सगळ्यांची अक्षरं तुम्ही ओळखता, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. कौतुकाने म्हणतात. सगळी नको, पाचसहा सांगा. ही वरची सांगा, हिच्यापासून सुरुवात करू."

असा संवाद मागच्या वर्षी ड्रिलवरच्या एका उंच माणसाशी साधला होता. या खुर्चीतच बसला असेल तो, गुडघे टेबलाला लागले असतील. महिनाअखेरीला त्याचं कंत्राट संपलं ते संपलंच. नणंदेचं याच महिन्यात संपतंय. सेहेचाळीसची झाली, डोळे त्या ट्यूबलाइटखाली घालवले, तिला आता दुसरीकडे कोण घेणार? आणि नोकरी गेली तर ती आमच्या घरात कशी वावरेल तेही मला दिसत होतं: दोन घास कमी खाईल, पंखा लावायला विचारेल, स्वतःच्या भावाच्या घरात परवानगी मागत फिरेल. ओळखत नाही म्हटलं तर साहेब रजेचे अर्ज काढून ताडून बघणार. कपाट त्यांच्या मागेच होतं, किल्ली कुलपाला लावलेली होती. म्हणजे मी गप्प बसून भागणार नव्हतं. गप्प बसायची कला तर मला चांगली अवगत होती, नेमकी तीच या खेपेला कामाची नव्हती.

आणि त्या खुर्चीत, कशी कोण जाणे, मला शाळेतली ती लाकडी पट्टी आठवली. सहावीत मी अर्ध्या वर्गाच्या प्रगतिपुस्तकांवर पालकांच्या सह्या केल्या होत्या. कुणाचे वडील टोकदार लिहायचे, कुणाची आई अंगठ्याएवढी सही करायची. एकदा बघितली की मला यायची. पकडले गेले. वर्गशिक्षिकेने वडिलांना बोलावलं, त्यांच्यापुढे दोन सह्या ठेवल्या आणि विचारलं, यातली तुमची कुठली? वडिलांनी बराच वेळ बघून माझी दाखवली. सगळी शिक्षकांची खोली हसली. वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मी पट्टी खाल्ली, आम्ही घरी आलो, आणि त्या दिवसापासून त्यांनी आपली सही बदलली. मला तेव्हा त्याचं इतकं वाईट वाटलं की पुढे चाळीस वर्षं मी कुणाच्या अक्षराला हात लावला नाही. खोक्यांवर, फुग्यांत, सगळीकडे तेच सरळ, शहाणं, कुणाचंच नसलेलं अक्षर. पट्टीचा वळ गेला, पण हाताने शिकलेलं हात विसरत नाही. टेबलाखाली माझी बोटं मांडीवर त्या ळचा चष्मा गिरवत होती, हे मला आत्ता कळलं.

"साहेब," मी म्हटलं, "ही सगळी अक्षरं माझी आहेत."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले, समजूतदारपणे. "ताई, एकेचाळीस वेगवेगळी अक्षरं आहेत."

"मोजलीत तर. कोऱ्या प्रती आहेत का?"

परत गोळा केलेल्या प्रतींचं खोकं कोपऱ्यात होतं. मी उठून मूठभर आणल्या, साहेबांच्या पेनदाणीतून पेन उचललं. त्यांनी अडवलं नाही. त्यांना गंमत वाटत असावी, किंवा म्हातारी बाई दोन ओळींत उघडी पडेल अशी खात्री असावी. पहिलं मी रंगखात्यातल्या माणसाचं घेतलं. तो इतका दाबून लिहितो की मागच्या पानावर अक्षर हाताला लागतं. त्यासाठी खांदा उतरवावा लागतो, सगळा भार मनगटावर द्यावा लागतो, आणि तसा दिला की पाठीत कुठे दुखतं त्याच्या तेही समजतं. मग ड्रिलवरचा, जो शिरोरेघ देतच नाही; त्याला घाई आहे, त्याचा उजवा पाय लिहिताना हलत असतो, माझाही हलायला लागला. मग ती डावखुरी, तिची अक्षरं मागे रेललेली. मग गॉगलवाला, ज्याचे फुग्यात शब्द मावत नाहीत म्हणून शेवटी बारीक होत जातात, मागे उभ्या असलेल्याला वाट दिल्यासारखे. असे पंधराएक जण झाले, आणि एकेका अक्षरात शिरताना मला एकेक माणूस अंगावर घ्यावा लागत होता. अकरा वर्षांत मी त्यांची शेकडो चित्रं काढली, पण त्यांच्यातलं कुणी कसं बसतं ते मला ठाऊक नव्हतं. साहेब उभे राहून माझ्या खांद्यावरून बघत होते, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

नणंदेचं मी मुद्दाम मागे ठेवलं. ळ यायला काहीच अडचण नव्हती, पण बाकीची ओळ येईना. दोनदा चुकलं, दोन प्रती फाडल्या. साहेब पुढे सरकले. मग मला उमगलं की मी ऐसपैस बसलेय. मी खुर्चीच्या कडेला आले, मांड्या आवळल्या, पोट आत ओढलं, पावलं एकमेकांवर ठेवली, आणि तशी ती ओळ एका दमात उतरली. दर शब्दाच्या शेवटी अक्षर किंचित वर उचललेलं होतं, आता उठायचं आहे असं. फ्रिजवरच्या चिठ्ठीत तसं नसतं. चिठ्ठी ती घरी लिहिते. या ओळीतली बाई टेबलाशी बसलेली होती आणि दोन्ही बटणं बाहेर होती. मला इतका संताप आला, तिचा, माझा, त्या खळ्यांचा, की पेन मी टेबलावर आपटलं. मी प्रत साहेबांपुढे टाकली, समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

त्यांनी दोन्ही ळ शेजारी शेजारी धरले. खिडकीशी नेले. कपाटातून निवडणीतले रजेचे अर्ज काढले, तसाच ळ असलेला तिचा अर्ज सापडला, तोही ठेवला. तीन कागद, तीन ळ. त्यांनी जागा बदलल्या, पुन्हा बघितलं, आणि शेवटी यातला माझा कुठला हे त्यांना सांगता येईना.

"अजून पंचवीसएक राहिली आहेत," मी म्हटलं. "काढू?"

"पुरे." मग तिन्ही कागद खाली ठेवत, "मॅडम, हे तुम्ही लिहिलेलं नाही, तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

"सिद्ध करा. कुठलंही अक्षर कुणाचंही म्हणून दाखवा, मी तुमच्यासमोर काढून देते. पाहिजे तर तुमचंही."

त्यांनी टेबलावरचा आपला सही केलेला कागद उपडा घातला. हे त्यांनी मुद्दाम केलं नसावं, हात आपसूक गेला. एवढ्या सगळ्या वेळात मला त्यांची दया आली ती तेवढी एकदाच. पस्तिशीचा पोर, पाच मूल्यं घेऊन आला बिचारा.

"याचा परिणाम कळतोय ना तुम्हाला? तुमच्यापाशीच येऊन थांबतं मग सगळं."

"थांबू द्या. कुठेतरी थांबायलाच हवं."

"लेखी द्या," ते म्हणाले, आणि एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

तिथे माझा हात अडला. लिहायचं काय ते ठरलेलं होतं, पण कुठल्या अक्षरात? खोक्यांवरचं अक्षर खोक्यांचं. फुग्यांतलं कारखान्याचं. वडिलांचं वडिलांनीच टाकून दिलं होतं. पंचावन्न वर्षांची झाले मी, आणि कोऱ्या कागदापुढे परक्या घरात शिरल्यासारखी बसले होते. पिंपांची घरघर तळपायाला लागत होती. मग मी विचार करायचं सोडून दिलं आणि पेन टेकवलं. अक्षर आलं ते वेडंवाकडं, ओळ सोडून खाली घसरणारं, एक मोठं एक बारीक, काने उभे राहायला तयार नाहीत. सहावीतल्या मुलीचं असतं तसं. मी ते सावरलं नाही. लिहिलं: पुस्तकातले सगळे फुगे मी भरले. एकही शब्द खोटा नाही. निवडणीतलं लाल बटण आजच्या आज बंद करा. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, मी खाली निवडणीच्या टेबलाशी बसले आहे. खाली नाव घातलं, आणि कागद फिरवून त्यांच्याकडे सरकवला.

साहेबांनी तो वाचला. मग गठ्ठा जवळ ओढला आणि एकेक प्रत त्याच्याशी लावून बघू लागले, एकेचाळीसच्या एकेचाळीस, आणि मी लिहिलेल्याही. एकाशीही जुळेना. त्यांनी वर बघितलं.

"आणि हे अक्षर कोणाचं?"

"हे माझं," मी म्हटलं, आणि खाली जायला उठले.